चीनच्या दर्जाचे भांडण आणि आपली खर्चाची वही

प्रति,
टॉवेल व चादर उत्पादक, यंत्रमागधारक, प्रोसेस हाउसचालक आणि निर्यातदार,
सोलापूर.

सप्रेम नमस्कार.

चिनी मालावर शुल्क लावा, असे निवेदन दिल्लीला पाठवणे सोपे असते. त्याचे पुढे काय होते, हे मात्र एका रुक्ष प्रश्नावर ठरते. मालाची रास्त किंमत काढताना वही कोणाची उघडायची? विकणाऱ्या चिनी कारखान्याची, की तिसऱ्याच कुणाची? ‘बाजार अर्थव्यवस्थे’च्या दर्जावरून चीन एका बाजूला आणि अमेरिका व युरोपीय संघ दुसऱ्या बाजूला, अशी जी झुंज २०१६ पासून रंगली ती सगळी या वहीसाठीच होती. वर्तमानपत्रांत ती महासत्तांच्या मानापमानाची गोष्ट म्हणून छापून येते. प्रत्यक्षात ती खर्चहिशेबाची गोष्ट आहे, आणि आपल्या कायद्यातल्या एका तरतुदीमुळे ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडपर्यंत येऊन पोहोचते. त्या तरतुदीबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी एक घोळ निस्तरू. बोलताना आपण तीन वेगळे दर्जे एकाच पोत्यात भरतो.

पहिला ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’, म्हणजे एमएफएन. नाव भारदस्त आहे, पण मिळते काय, तर जो दर सर्वांना तोच आपल्याला. १९४७ च्या गॅट या जागतिक व्यापार-कराराचे पहिलेच कलम हे आहे, आणि त्या करारावर सह्या करणाऱ्या मूळ २३ देशांत भारत होता. सुती टेरी टॉवेलचा शुल्कसंकेत ६३०२.६०, त्यावर हा सर्वसाधारण दर अमेरिकेत ९.१ टक्के आणि युरोपीय संघात १२ टक्के आहे. हा दर्जा काढून घेतला की काय होते ते आपण पाहिले आहे. १९९६ मध्ये पाकिस्तानला दिलेला दर्जा भारताने पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये काढला आणि तिथल्या मालावर २०० टक्के शुल्क बसवले. अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये रशिया व बेलारूसचा काढला. चीनला अमेरिका १९८० पासून हा दर्जा वर्षावर्षाच्या मुदतीने देत होती. तो कायम झाला २००२ पासून. मात्र दर्जा कागदावर शाबूत ठेवूनही त्याला बगल देता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के जादा शुल्क लावले, तेव्हा ९.१ टक्क्यांचा टॉवेल ५९.१ टक्क्यांवर गेला. आपला एमएफएन दर्जा कोणी काढला नव्हता. त्याच्या डोक्यावर दुसरे ओझे ठेवले होते. असले दर वर-खाली होतच राहतात, त्यामुळे या पत्रात आम्ही त्यांच्या मागे धावणार नाही.

दुसरा दर्जा ‘विकसनशील देश’. जागतिक व्यापार संघटनेत, म्हणजे डब्ल्यूटीओत, तो प्रत्येक देश स्वतःच जाहीर करतो आणि बाकीचे त्यावर नाक मुरडत राहतात.

तिसरा ‘बाजार अर्थव्यवस्था’. हा डब्ल्यूटीओ कोणालाही देत नाही. आयात करणारा प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो, आणि त्याचे खरे काम अँटी-डम्पिंगच्या चौकशीत असते. चीनला हा दर्जा मिळाला म्हणून चिनी टॉवेलवरचे मूळ सीमाशुल्क एका पैशानेही कमी होणार नाही. पण चौकशी सुरू झाली की सगळा हिशेब त्यावर फिरतो.

तो कसा, ते पाहू. डम्पिंग म्हणजे स्वस्त विकणे नव्हे. स्वतःच्या देशात ज्या रास्त किमतीला माल विकला जातो त्यापेक्षा कमी किमतीत तो परदेशी विकणे म्हणजे डम्पिंग. त्या रास्त किमतीला ‘सामान्य मूल्य’ म्हणतात. बाजार अर्थव्यवस्था असेल तर निर्यातदाराचे देशांतर्गत भाव आणि त्याचा स्वतःचा खर्च धरावा लागतो. नसेल तर त्याची वही बाजूला ठेवता येते. युक्तिवाद असा की सूत, वीज, जमीन आणि कर्ज यांचे भावच सरकार ठरवत असेल, तर त्या वहीतले आकडे कितीही नीटनेटके असले तरी खर्चाचे खरे चित्र दाखवत नाहीत. अमेरिकेच्या कायद्यात यासाठी सहा कसोट्या आहेत: चलन किती मोकळेपणी बदलता येते, मजुरी मालक-कामगारांच्या वाटाघाटीने ठरते का, परकीय गुंतवणुकीला किती वाव आहे, उत्पादनसाधनांवर सरकारची मालकी किती, साधनसंपत्तीचे वाटप व किमती यांवर सरकारचा ताबा किती, आणि सहावी ‘इतर योग्य बाबी’. ही सहावी खिडकी मुद्दाम मोठी ठेवलेली आहे.

चीन ११ डिसेंबर २००१ रोजी डब्ल्यूटीओत आला तेव्हा त्याच्या प्रवेशपत्राच्या १५ व्या परिच्छेदात इतर सदस्यांना ही मुभा दिली होती. त्यातला एक उपपरिच्छेद पंधरा वर्षांनी संपेल असेही लिहिले होते. ११ डिसेंबर २०१६ ला तो संपला. चीन म्हणाला, आता आमचेच भाव धरा. अमेरिका आणि युरोप म्हणाले, एक उपपरिच्छेद संपला, बाकीचा परिच्छेद उभाच आहे. दुसऱ्याच दिवशी, १२ डिसेंबरला, चीनने दोघांविरुद्ध तक्रारी दाखल केल्या. युरोपविरुद्धचा खटला, क्रमांक डीएस ५१६, पुढे गेला. पण अंतिम अहवाल येण्याआधी २०१९ मध्ये चीननेच काम थांबवायला सांगितले. थांबलेल्या कामाची बारा महिन्यांची मुदत उलटली आणि जून २०२० मध्ये निवाडा करणाऱ्या पॅनेलचा अधिकार संपला. त्यामुळे एवढ्या मोठ्या प्रश्नावर डब्ल्यूटीओचा निकालच नाही. दरम्यान युरोपने डिसेंबर २०१७ मध्ये कायदा बदलला. डब्ल्यूटीओच्या सदस्यांपुरती देशांची यादी काढून टाकली आणि तिच्या जागी ‘लक्षणीय विकृती’ ही कसोटी आणली. जिथे विकृती दिसेल तिथले भाव नाकारायचे. चीनवरचा जाडजूड अहवाल त्याच महिन्यात तयार होता. अमेरिकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये चीन बाजार अर्थव्यवस्था नाही असे पुन्हा ठरवले, नोव्हेंबर २०२२ मध्ये रशियाचा दर्जा काढला आणि २ ऑगस्ट २०२४ रोजी व्हिएतनामची मागणी फेटाळली. उलट न्यूझीलंडने २००४ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २००५ मध्ये, मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू होताना, चीनला हा दर्जा देऊन टाकला. वाटाघाटीच्या टेबलावर ठेवण्याची ती एक चीज आहे, हे यावरून कळावे.

आता आपल्या कायद्यातली ती तरतूद. १९९५ च्या अँटी-डम्पिंग नियमांच्या पहिल्या परिशिष्टातला आठवा परिच्छेद सांगतो की, चौकशीपूर्वीच्या तीन वर्षांत भारताने किंवा डब्ल्यूटीओच्या कोणत्याही सदस्य देशाने एखाद्या देशाला बाजार अर्थव्यवस्था नसलेला म्हणून वागवले असेल, तर आपल्या चौकशीतही तसेच गृहीत धरायचे. ते खोडून काढण्याची जबाबदारी चिनी निर्यातदारावर. म्हणजे वॉशिंग्टन आणि ब्रुसेल्समध्ये जे ठरते त्याचा कायदेशीर परिणाम अशा चौकश्या करणाऱ्या नवी दिल्लीतल्या डीजीटीआर या सरकारी कार्यालयाच्या टेबलावर होतो. सातवा परिच्छेद पुढची पायरी सांगतो: चीनची वही बाजूला ठेवली तर तिसऱ्या बाजार-अर्थव्यवस्था देशातली किंमत किंवा तिथला खर्च घ्यावा, ते जमले नाही तर अन्य कोणताही वाजवी आधार, त्यात भारतातली किंमतही आली. तिसऱ्या देशातला उत्पादक आपली वही कशाला देईल? म्हणून व्यवहारात बहुतेक वेळा भारतीय उत्पादकाचा खर्च घेऊन, त्यावर ५ टक्के नफा धरून, चीनचे सामान्य मूल्य काढले जाते. अमेरिकाही अनेक वर्षे चिनी मालाचा खर्च काढताना पर्यायी देश म्हणून भारताचे दर वापरत होती.

आकड्यांत पाहू. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत आणि टॉवेलही उदाहरण म्हणूनच घेतला आहे. समजा चिनी टॉवेलची कारखान्याच्या दारातली निर्यात किंमत किलोला ४२० रुपये आहे आणि चीनमध्ये तोच माल ४४१ रुपयांना विकला जातो. चीनचे भाव धरले तर फरक २१ रुपये, म्हणजे ५ टक्के. आता ते भाव नाकारले आणि भारतीय खर्च धरला: १.१ किलो सूत २७० रुपये दराने २९७ रुपये, ब्लीचिंग-डाईंग, रसायने व वाफ ७८, मजुरी ५०, वीज व इतर ४५. बेरीज ४७०, ५ टक्के नफा २३.५०, सामान्य मूल्य ४९३.५० रुपये. फरक ७३.५० रुपये, म्हणजे १७.५ टक्के. माल तोच, फक्त वही बदलली.

इथे अनेकांना वाटते, मग किलोला साडेत्र्याहत्तर रुपये शुल्क लागले. नाही. भारत ‘कमी शुल्का’चा नियम पाळतो. डम्पिंगचा फरक आणि आपल्याला झालेल्या हानीचा फरक यांतला जो कमी, तेवढेच शुल्क. हानीचा फरक काढताना आपल्या उद्योगाची ‘हानीरहित किंमत’ घेतात: आपला खर्च, अधिक गुंतवलेल्या भांडवलावर सर्वसाधारणपणे २२ टक्के परतावा. समजा ती ४८५ रुपये निघाली आणि चिनी मालाची सीमाशुल्कासह उतरणारी किंमत ४४५ आहे. हानीचा फरक ४० रुपये, म्हणून शुल्क ४० रुपये. चीनला बाजार अर्थव्यवस्था मानले असते तर २१ रुपयांवरच थांबले असते. म्हणजे दर्जामुळे छत वर गेले, पण त्या छताखाली प्रत्यक्ष उंची ठरली आपल्या खर्चाच्या तक्त्यावरून. आणि छतही त्याच तक्त्यावरून मोजले होते. आपली वही अशी दोनदा उघडली जाते. ती कच्ची असेल तर चीनचा दर्जा काय आहे याने आपल्याला काडीचा फरक पडत नाही.

आता ती वही कशी लागते. डीजीटीआर तक्ता किलोवर मागते. आपल्याकडे विणाईची मजुरी नगावर, सूत किलोवर, प्रोसेसचा जॉब कधी किलोवर तर कधी बॅचवर, आणि विक्री डझनावर. हे सगळे एका एककात आणण्यासाठी प्रत्येक प्रकाराचे तयार वजन नोंदलेले हवे. शिवाय सगळे टॉवेल एक नव्हेत. तुलना प्रकारवार होते: जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅममधले वजन), सुताचा काउंट (बारीक-जाडपणा), सिंगल की डबल, डॉबी की जॅकार्ड, पांढरा, रंगीत की छापील. यातून प्रत्येक प्रकाराला एक सांकेतिक क्रमांक मिळतो, त्याला पीसीएन म्हणतात. वर्षभराची विक्री फक्त ‘टॉवेल, विविध’ म्हणून बिलात लिहिली असेल तर ती नंतर प्रकारवार उलगडता येत नाही. पहिली फाइल इथेच अडते.

सुताच्या घटीचा तक्ता हे दुसरे ठिकाण. टेरीत सुताच्या तीन वाटा असतात: ग्राउंड ताणा, पाइल ताणा (ज्याचे टॉवेलवरचे फासे बनतात) आणि बाणा. तिन्ही काउंट वेगळे, भाव वेगळे. शंभर किलो सुतातून किती किलो तयार माल निघतो हे प्रत्येक टप्प्यावर लिहावे लागते: वाइंडिंग-वॉर्पिंगची घट, विणाईची घट, ब्लीचिंगमध्ये कापसातला मेण-मळ निघून कमी होणारे वजन, कटिंग-हेमिंगची काटछाट, आणि सेकंड्स, म्हणजे दोष असलेले नग. वरच्या उदाहरणात १.१ किलो धरले, म्हणजे शंभराचे ९१ निघाले. तिथे १.०६ लिहिले गेले तर किलोमागे जवळजवळ ११ रुपये खर्च कमी दिसतो आणि तेवढेच शुल्क कमी होते. १.१५ लिहिले तर तपासणीत विचारतात, चिंधी कुठे विकली, पावत्या दाखवा. घटीचा माल रोखीत विकणाऱ्यांची पंचाईत होते ती इथे.

हानीरहित किंमत काढताना आणखी एक कात्री लागते. कच्चा माल, वीज-वाफ आणि क्षमता यांचा गेल्या तीन वर्षांतला व चौकशीच्या काळातला सर्वांत चांगला वापर धरला जातो. स्वस्त आयातीमुळे माग निम्मे बंद पडले, म्हणून किलोमागे घसारा दुप्पट झाला, असे सांगून चालत नाही. ज्या वर्षी माग सर्वाधिक चालले त्या वर्षाच्या क्षमता-वापरावर घसारा वाटतात. म्हणून क्षमता किती दाखवता याला महत्त्व आहे. बँकेच्या प्रकल्प अहवालात क्षमता फुगवून लिहायची आणि अर्जात कमी दाखवायची, हे दोन कागद शेजारी ठेवले की उघडे पडते. उत्पादन, विक्री आणि साठा यांचे आकडे जीएसटी विवरणे व ताळेबंद यांच्याशी जुळवून पाहतात. वीजबिलही मागतात. लूमशेड, प्रोसेस आणि वरच्या मजल्यावरचे घर एकाच मीटरवर असेल तर विजेचा खर्च वाटण्याला आधार राहत नाही.

अर्जाची चाकोरी थोडक्यात. आयातीचा व्यवहारवार तपशील, एक वर्षाचा चौकशी-काळ, त्याआधीची तीन वर्षे. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, एक गोपनीय आणि एक सर्वांना दिसणारी. खर्चाचे आकडे गोपनीय प्रतीत राहतात, उघड प्रतीत फक्त निर्देशांक: पहिले वर्ष १००, दुसरे ९६, असे. आपला खर्च शेजारच्या शेडवाल्याला कळेल ही भीती आम्ही अनेकदा ऐकतो. त्याच १९९५ च्या नियमांतला गोपनीयतेचा नियम ७ त्यासाठीच आहे. चौकशी सुरू झाल्यावर प्रश्नावलीला साधारण ३० दिवस, मग तोंडी सुनावणी, मग मसुदा निष्कर्ष, आणि आरंभापासून एका वर्षात, वाढवून अठरा महिन्यांत, अंतिम निष्कर्ष. त्यानंतर अर्थ मंत्रालयाला तीन महिने. तिथे नकारही मिळू शकतो. डीजीटीआर शिफारस करते, शुल्क लावते ते अर्थ मंत्रालय. लागले तर पाच वर्षे. डम्पिंगचा फरक २ टक्क्यांच्या आत असेल किंवा त्या देशाचा आयातीतला वाटा ३ टक्क्यांच्या आत असेल तर फाइल सहसा बंदच होते.

मोठी अडचण प्रतिनिधित्वाची. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवे, आणि मत देणाऱ्यांत बाजूने विरोधापेक्षा जास्त. दोन-चार मोठ्या गिरण्या असलेल्या उद्योगाला हे एका बैठकीत जमते. शेकडो छोट्या शेडमध्ये विखुरलेल्या आपल्यासारख्या धंद्याला नाही. विखुरलेल्या उद्योगांसाठी संख्याशास्त्रीय नमुना घेण्याची मुभा डब्ल्यूटीओच्या करारातच आहे, पण नमुना निवडायला आधी यादी लागते: कोणाकडे किती माग, शटलचे की रेपियर, वर्षाला किती किलो. अशी अद्ययावत यादी संघटनांनी करायची की नाही यावर वाद घालण्यासारखे काही नाही. आणखी एक खोच: जो उत्पादक स्वतःच तो चिनी माल आणून विकतो त्याला ‘देशांतर्गत उद्योगा’तून वगळता येते. दुकानात दोन्ही माल ठेवणाऱ्यांनी पाठिंब्याच्या पत्रावर सही करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

कारणाचा भाग निवेदनांत नेहमी कच्चा असतो. कापसाचा भाव, आखातातली मागणी, परराज्यांतली स्पर्धा, खेळत्या भांडवलाची टंचाई या सगळ्यांनी झालेले नुकसान वेगळे काढून उरलेले आयातीवर टाकावे लागते. सगळे चीनच्या माथी मारले की सुनावणीत समोरचा वकील आपल्याच जुन्या निवेदनाचे कात्रण काढतो. त्यात सुताच्या भाववाढीला दोष दिलेला असतो.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की भारतातले शुल्क भारताच्या सीमेवरच लागते. दुबई, जेद्दा किंवा मोम्बासाच्या बाजारात चिनी टॉवेल आपल्याला मागे टाकत असेल तर डीजीटीआर काही करू शकत नाही. तिसऱ्या देशातल्या डम्पिंगसाठी डब्ल्यूटीओच्या अँटी-डम्पिंग करारात कलम १४ आहे, पण तिथे निर्णय त्या आयातदार देशाच्या मर्जीचा. ज्याला स्वस्त टॉवेल मिळतोय तो आपल्यासाठी शुल्क कशाला लावेल? उलट रंग, रसायने किंवा सूत यांच्यावर शुल्क लागले तर आपला खर्च वाढतो. निर्यातदार अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशनवर तो माल अँटी-डम्पिंग शुल्काशिवाय आणू शकतो (किमान १५ टक्के मूल्यवर्धन, निर्यातीला १८ महिने), पण जॉबवर विणणाऱ्याला ती वाट नाही. कुठल्या शुल्काला पाठिंबा द्यायचा हे ठरवताना निर्यातदार आणि जॉबवाला यांचे हित एक नसते. संघटनेच्या बैठकीत हे उघड बोलले जावे.

आता आपल्या स्वतःच्या दर्जाकडे. चीनचे भाव नाकारण्याचे तंत्र आपल्याला सोयीचे वाटते, पण वही तपासण्याची तीच सवय भारताच्या बाबतीतही वापरली जाते, फक्त सबसिडीच्या नावाने. डब्ल्यूटीओची निर्यात-अनुदानांवरची बंदी गरीब विकसनशील देशांना लागू नव्हती. मर्यादा होती दरडोई उत्पन्न १९९० च्या स्थिर किमतींत १००० डॉलर, सलग तीन वर्षे. २०१३ ते २०१५ या वर्षांच्या आकड्यांवर भारत त्या रेषेपलीकडे गेला. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने भारताविरुद्ध डीएस ५४१ हा खटला दाखल केला आणि ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी पॅनेलचा निकाल एमईआयएस, ईपीसीजी, ईओयू, सेझ अशा निर्यात-प्रोत्साहन योजनांविरुद्ध गेला. भारताने अपील केले. अपील मंडळच त्या डिसेंबरात सदस्यांअभावी बंद पडले. शेवटी जून २०२३ मध्ये दोन्ही देशांनी तो वाद आपसात मिटवला. पण व्यवहारात काय उरले ते पाहा. मेड-अप्सवरची, म्हणजे टॉवेल-चादरीसारख्या तयार मालावरची, एमईआयएस ७ मार्च २०१९ पासून पूर्वलक्षी प्रभावाने काढली गेली. त्या मालाच्या ऑर्डरचे भाव ती रक्कम धरूनच ठरले होते. तिच्या जागी आली आरओएससीटीएल, म्हणजे राज्य व केंद्राच्या न परतणाऱ्या करांची भरपाई: वाहतुकीच्या इंधनावरचा कर, वीजशुल्क, बाजार समितीचा कर, कापसाच्या खता-कीटकनाशकांतला जीएसटी, कोळशावरचा कर.

हा फरक नुसता नावाचा नाही. भरलेला कर परत देणे डब्ल्यूटीओला चालते. भरल्यापेक्षा जास्त देणे म्हणजे सबसिडी. परदेशी तपासनीस विचारतो की तुम्ही खरोखर एवढा कर सोसलात का, आणि सरकार ते तपासते का. उत्तर नसेल तर पूर्ण परतावा सबसिडी धरला जातो. आरओडीटीईपी या इतर मालांसाठीच्या तशाच करभरपाई योजनेतल्या मोठ्या रकमेच्या दाव्यांना आता वार्षिक विवरण सक्तीचे आहे ते याच कारणाने. आपल्या टॉवेलचा दावा आरओएससीटीएलमध्ये असला तरी तोच तक्ता आजपासून ठेवा: महिन्याचे डिझेल आणि त्यावरचा व्हॅट, विजेचे युनिट आणि वीजशुल्क, कोळसा किंवा लाकूड, सुताची वाहतूक.

इथे राज्याची वीजसवलत आली. यंत्रमागाला मिळणारी सवलत, सामूहिक प्रोत्साहन योजनेतली रक्कम, हे सगळे परदेशी प्रतिशुल्क (सबसिडीवर लावल्या जाणाऱ्या शुल्काच्या) चौकशीच्या प्रश्नावलीत येते. महाराष्ट्राच्या योजना इतर मालांच्या प्रकरणांत याआधी तपासल्या गेल्या आहेत. पूर्वी अमेरिका भारताला विकसनशील मानून २ टक्क्यांपर्यंतची सबसिडी सोडून देई. फेब्रुवारी २०२० मध्ये तिने जागतिक व्यापारातल्या वाट्याचा आधार घेऊन भारताला त्या यादीतून काढले. आता मर्यादा १ टक्का. किलोला ५०० रुपयांच्या टॉवेलवर ती ५ रुपये होते. वीजसवलतीचे किलोमागे किती पैसे पडतात हे ज्याला सांगता येत नाही त्याच्यासाठी परदेशी अधिकारी स्वतःच्या अंदाजाने आकडा बसवतो, आणि तो कधीच आपल्या सोयीचा नसतो.

विकसनशील दर्जाबाबत दबाव वाढणार आहे. ब्राझील आणि दक्षिण कोरियाने २०१९ मध्ये पुढच्या वाटाघाटींत खास सवलती मागणार नाही असे मान्य केले. सप्टेंबर २०२५ मध्ये चीननेही तसे जाहीर केले. स्वतःला विकसनशील म्हणवणे मात्र सोडले नाही. पुढची बोटे भारताकडे वळतील.

जीएसपीबद्दल, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला मिळणाऱ्या शुल्कसवलतीबद्दल, एक गैरसमज दूर करू. अमेरिकेने ५ जून २०१९ ला भारताची जीएसपी सवलत बंद केली तेव्हा सोलापुरातही हळहळ झाली. पण त्या योजनेत बहुतेक वस्त्रे मुळातच नव्हती. आपला टॉवेल आधीही ९.१ टक्के भरत होता, नंतरही. खरा चिमटा युरोपात आहे. पाकिस्तानी टॉवेल २०१४ पासून जीएसपी प्लसमुळे आणि बांगलादेशी माल अल्पविकसित दर्जामुळे शून्य शुल्काने जातो. कराचीशी आपली तुलना करताना सुताच्या भावाआधी ही ओळ तपासावी.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती. मागधारकांची यादी, पीसीएनचा सामायिक नमुना आणि खर्चतक्त्याचा मराठीतला एकच फॉर्म या तीन गोष्टी आधी करा. मंत्रालयाला निवेदन नंतर. तक्ता भरताना तेलुगूत विचारणाऱ्या कारखानदारांसाठी त्यातल्या संज्ञा तेलुगूतही द्याव्यात. आपल्या निम्म्या शेडमध्ये हिशेबाची चर्चा त्याच भाषेत होते. पहिल्या वर्षी पन्नास शेडचा तक्ता पुरे, पण तो सलग बारा महिन्यांचा हवा, एप्रिल ते मार्च. मार्चमध्ये बसून मागच्या तारखा भरलेला नको; मीटरचे वाचन आणि सुताचे बिल यांच्या तारखा जुळत नाहीत आणि ते तपासणीच्या पहिल्या तासात दिसते. लूमशेड व प्रोसेसचे मीटर वेगळे करण्याचे अर्ज या महिन्यातच टाका, कारण त्याआधीच्या विजेचा खर्च कोणत्याही तक्त्यात खात्रीने मांडता येणार नाही.

आपले,
निर्यात कागदपत्रे, सीमाशुल्क व खर्चहिशेबाचे काम करणारे सोलापुरातील काही व्यावसायिक